जवळचे कोण कोण?

फोनवरची मुलगी म्हणाली, “सर, तुम्ही पॉझिटिव्ह रुग्णाच्या जवळचे आहात,” आणि तिने ज्याचं नाव घेतलं त्याच्याशी मी आठ वर्षं एक शब्द बोललो नव्हतो.

काहीतरी चूक होतेय, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “नाही सर, त्यांनी स्वतःच सांगितलंय. पाच नावं दिलीत त्यांनी. तुमचं पाचवं आहे.” तिच्यामागे आणखी दहा-बारा जणी एकाच वेळी, एकाच सुरात बोलत होत्या. पाढे म्हणणाऱ्या वर्गासारखा आवाज येत होता. आजपासून चौदा दिवस घराबाहेर पडायचं नाही, घरातही वेगळ्या खोलीत राहायचं, ताट-वाटी वेगळी, समितीची माणसं येऊन शिक्का मारतील, सहकार्य करा.

“अहो, पण मी त्याला भेटलेलोच नाही.”

“कधीपासून?”

“आठ वर्षं.”

पलीकडे बटणं दाबल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “सर, इथं चौदा दिवसांपर्यंतचाच रकाना आहे.”

साथीचं पहिलं वर्ष होतं, आणि पावसाळा. मी ओतूरमध्ये एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. महाविद्यालय बंद, ग्रंथालय बंद, पुस्तकांना वाळवी लागू नये म्हणून आठवड्यातून एकदा कुलूप उघडून फिरून यायचं, एवढीच नोकरी उरली होती. तीही त्या फोनने गेली.

समिती दुपारी आली. समिती म्हणजे पाच माणसं आणि एक छत्री. अध्यक्ष एक माजी उपसरपंच होते. त्यांच्या पिवळ्या जाकिटाच्या पाठीवर ‘समिती अध्यक्ष’ असं छापलेलं होतं, त्यामुळे ते निघाले की मगच त्यांचं पद कळायचं. त्यांनी माझ्या डाव्या हाताच्या पंजावर शिक्का मारला. शाई निवडणुकीची असते तशी, पुसून जात नाही. मग फाटकावर फलक लावला : ‘हे घर विलगीकरणात आहे. प्रवेश करू नये.’ मग फलकाचा फोटो काढायचा होता. फोटोत सगळे यावेत म्हणून पाचही जण एका छत्रीखाली खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि अंतर राखण्याचा संदेश देणारा तो फोटो संध्याकाळपर्यंत माझ्याच मोबाइलवर तीन ग्रुपमधून आला.

शेजारच्या म्हातारीने कुंपणापलीकडून विचारलं, “किती दिसाचं धरलंय?”

“चौदा.”

“आगं बाई. सुतकापरीस चार दीस जास्तीच. कोन गेलं?”

कोणी गेलं नव्हतं. उलट कोणीतरी यायचं होतं, आणि माझी सगळी तगमग त्याचीच होती. मुलीचा नववा महिना सुरू होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलं. पण ती सासरी, आंबेगाव तालुक्यात पेठला. जावई नोकरीच्या गावी अडकलेला. विहीणबाई गुडघ्यांनी जेरीला आलेल्या. त्या घरात गाडी चालवणारं कोणी नव्हतं आणि भाड्याची गाडी तालुक्याची हद्द ओलांडायला तयार नव्हती. टाळेबंदीमुळे आधीच दोन महिने उशीर झाला होता. त्याच रविवारी मी तिला आणायला जाणार होतो. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला अकरा दिवस होते. माझ्या हातावरचा शिक्का चौदा दिवसांचा होता. अकरा आणि चौदा. मी भाषेचा माणूस, पण ही वजाबाकी त्या दिवसांत मी किती वेळा केली असेल, सांगता येणार नाही. दर वेळी उत्तर तेच यायचं.

खोलीत मी फिरायचो. भिंतीपासून खिडकीपर्यंत सात पावलं, वळायचं, पुन्हा सात. बायको दाराबाहेर ताट ठेवायची आणि उंबऱ्यापलीकडे उभी राहून बोलायची.

“पेठला फोन झाला. पोरीच्या पायांवर सूज आहे.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“डॉक्टर म्हणाले, सूज आहे.” मग ताट आत सरकवून, “आठ वर्षांपूर्वी जीभ आवरली असती तर आज पाय मोकळे असते तुमचे.”

तिचं तर्कशास्त्र चुकीचं होतं. मी जीभ आवरली असती तर मैत्री टिकली असती, येणंजाणं राहिलं असतं आणि कदाचित खराखुराच अडकलो असतो. पण हे तिला ऐकवण्याची वेळ नव्हती.

तो आणि मी जुन्नरला शिकायला एका खोलीत राहत होतो. त्याचं गाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरात. भात आणि नाचणी. पदवी घेऊन मी पुस्तकांकडे गेलो, तो खाचरांकडे परतला. पुढे त्याच्या भागातल्या एका मंडळाने जुनं भाताचं बियाणं राखल्याबद्दल त्याचा सत्कार केला आणि मित्र म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलं. सत्कार हा प्रकार मला मुळातच सोसत नाही. मी उठलो आणि म्हणालो, “फेटा, शाल, हार, श्रीफळ, सन्मानचिन्ह. या सगळ्याच्या आत माझा मित्र कुठेतरी आहे. कोणाला सापडला तर कळवा.” मांडव हसला. मला बरं वाटलं. पहिल्या रांगेत त्याची आई नवं लुगडं नेसून बसली होती. तिला नीट ऐकू आलं नव्हतं. ती शेजारणीला विचारत होती, “काय म्हनला त्यो? का हासत्यात?”

कार्यक्रम संपल्यावर तो भांडला नाही. फेटा काढून हातात घेतला आणि एवढंच म्हणाला, “आयेचा येकच दिवस व्हता रं.”

माफी मागायला मी जाणारच होतो. आधी परीक्षा आल्या, मग सुट्टी, मग उशीर झाल्याची लाज. लाजेला एकदा मुदत मिळाली की ती पुढे आपोआप वाढत जाते. आठ वर्षं अशीच गेली.

तो त्या आजारातून बरा झाला, हे आधीच सांगून टाकतो. आजारपणाच्या आठवणी वाचताना माणूस उगाच शेवटाकडे डोळे लावून बसतो.

तर खोलीत बसून मी शासनाचं परिपत्रक मिळवलं आणि वाचलं. परिपत्रकं मी आवडीने वाचतो. मराठीत इतकी निर्विकार लेखनशैली दुसरीकडे सापडत नाही. त्यात मला सापडलेला शब्द होता ‘निकट सहवासित’. माझ्या घरातल्या तिन्ही कोशांत तो नव्हता, पण अर्थ स्पष्ट होता. रुग्णापासून एका मीटरच्या आत, पंधरा मिनिटांहून जास्त, अलीकडच्या काही दिवसांत. नात्याचा, प्रेमाचा, ओळखीचा कुठे उल्लेख नाही. नियम चोख होता. पण ‘निकट सहवासित’ हा शब्द तापाने फणफणलेल्या माणसाला फोनवर कोण विचारणार? त्या मुलींनी आपल्या परीने त्याचं सोपं मराठी केलं होतं : “जवळचे कोण कोण?” आणि आमच्या भागात या प्रश्नाचं उत्तर मीटरमध्ये देत नाहीत.

सुटका कशी होते हे परिपत्रकात नव्हतं, पण फोनवरच्या त्या मुलीला पुन्हा फोन केल्यावर कळलं. मी स्वयंघोषणापत्र द्यायचं, मग ती रुग्णाला फोन करून खात्री करणार, मग नाव कमी होणार. नमुना समितीकडे होता.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष नमुना घेऊन फाटकावर आले. वर रुग्णाचं नाव होतं आणि वाक्य तयार छापलेलं होतं : ‘सदर व्यक्तीशी माझा कोणताही निकट संबंध नाही.’ खाली सही. मी ते वाक्य खोडलं आणि वर लिहिलं : ‘सदर व्यक्ती माझी जवळची आहे, परंतु गेली आठ वर्षे आमची भेट झालेली नाही.’ कागद फाटकावरून परत दिला.

अध्यक्षांनी छत्री मानेत धरून वाचला. दोनदा वाचला.

“सर, हे दोन्ही कसं?”

“दोन्ही खरं आहे.”

“आसंल, राव. पण जवळचे आसाल तर तुमी आत. जवळचे नसाल तर भाईर. ह्यात मधलं काय नसतंय.”

“जवळचा म्हणजे अंतराने जवळचा, असा त्याचा अर्थ आहे.”

“मग लिवा ना, नाही म्हनून. मी काय आडवतोय?” मग जरा आवाज उतरवून ते म्हणाले, “सर, लेकीचं समजलं मला. लई इचार करू नका. कागूद आहे तो. कागदाला काय कळतंय?”

कागदाला कळत नाही, हे त्यांचं म्हणणं चुकीचं आहे असं मला तीस वर्षांच्या नोकरीनंतर वाटतं. पण माणूस चांगुलपणाने बोलत होता आणि जाकिटातून पाणी गळत होतं. त्यांनी दुसरा कोरा नमुना काढला. त्यावर मी ‘निकट’ या शब्दाला खुणेचा तारा देऊन तळटीप लिहायला घेतली. बायको पाठीमागे ओट्यावर उभी होती.

“एवढी पुस्तकं वाचलीत,” ती म्हणाली, “एक ‘नाही’ लिहिता येईना?”

तिसऱ्या नमुन्यावर मी काहीही न खोडता सही केली. हात धुतले. पुन्हा सात पावलं, वळण, सात पावलं.

संध्याकाळी फोन आला. तीच फोनवरची मुलगी म्हणाली, “सर, लाइनवर राहा, पेशंटला जोडून घेते. दोघांच्या समोरच कन्फर्म करायचंय.” मला वाटलं होतं की हे माझ्यामागे होईल. नाही म्हणायची संधी मिळेपर्यंत घंटी वाजायला लागली होती.

“हॅलो,” तो म्हणाला. आवाज खोल आणि खरखरीत. मागे कोणीतरी खोकत होतं, पंखा कुरकुरत होता.

मुलीने पाठ केल्यासारखं म्हटलं, “बाबा, तुम्ही जवळचे म्हणून जी नावं दिलीत, त्यातल्या पाचव्या व्यक्तीने लिहून दिलंय की तुमच्याशी त्यांचा कोणताही निकट संबंध नाही. हे बरोबर आहे का?”

पंखा कुरकुरत राहिला.

“बाबा, ऐकू येतंय का?”

“येतंय. लिवून दिलंय?”

“हो.”

“सही करून?”

“हो बाबा.”

“मग बरोबर आसंल. काढा.”

“कारण काय टाकू?”

“काय टाकायचं… येत न्हाई, जात न्हाई. आठ वर्सं तोंड बघितलं न्हाई. टाका तसं.”

बटणांचा आवाज आला. तिने ते तसंच टाकलं असणार. परिपत्रकाच्या दृष्टीने इतकं अचूक उत्तर तिला त्या दिवसात दुसऱ्या कोणी दिलं नसेल.

मी म्हणालो, “मी लाइनवर आहे.”

“ठावं हाय,” तो म्हणाला. “कवाचा धापतुयस. आजारी मी हाय का तू?”

“पोरीला आणायचंय पेठहून. दिवस भरत आलेत. म्हणून लिहिलं.”

“धाकटीला?”

“एकच आहे मला.”

“आरं हां. थोरली-धाकटी भनीला हायेत.” तो खोकला. खोकला थांबल्यावर म्हणाला, “आगुदरच सांगायचं ना मग, लेका. मी काय तुला कोंडाया नाव सांगितलं व्हय? ही पोरगी म्हनली, बाबा, जवळचं कोन कोन? आता मानूस दवाखान्यात पडल्याव असं इचारलं की काय समजायचं? मला वाटलं, कळवायला लागतील. समजा, काय झालं तर.”

मुलगी हळूच म्हणाली, “तसं नव्हतं बाबा ते.”

“आता कळलं की. पर तवा कोनी सांगितलं? मी बायकू सांगितली, पोरगा, सून, ठान्याची भन आन ह्यो.”

“ठाण्याच्या बहिणीला कधी भेटलात?”

“दिवाळीच्या आधल्या दिवाळीला.”

त्याच्या ठाण्याच्या बहिणीच्याही दारावर फलक लागला असणार, हे माझ्या लक्षात आलं. आणि त्यापाठोपाठ दुसरंही लक्षात आलं. दिवस आवणीचे होते. त्याच्याकडे भाताची रोपं सावडीने लावतात. आज सगळ्यांनी तुझ्या खाचरात, उद्या सगळ्यांनी माझ्या. मी विचारलं, “ताप यायच्या आधी आवणी चालली होती ना? खाचरात तुझ्या शेजारी वाकून कोण होतं?”

“त्या काय जवळच्या न्हाईत. सावडीच्या बाया त्या.”

“रोपाच्या मुठी कोणाच्या हातात देत होतास?”

“त्यांच्याच. दुसरं कोन हाय?”

“आणि भाकरी?”

“बांधाव बसून. समद्यांनी मिळून. का?”

मुलीने पुन्हा बटणं दाबायला घेतली. मग तिने विचारलं, “किती जणी होत्या बाबा?”

“नऊ.”

त्याने नऊ नावं सांगितली. एकेक नाव सांगताना तो दम घ्यायला थांबायचा आणि प्रत्येकीची खूण सांगायचा. कोणी कोणाची सून, कोणाची खाचरं कुठल्या ओढ्याला. मुलगी लिहून घेत होती. शेवटी म्हणाला, “बये, त्यांना आज नगं अडकवू. दोघींची आवणी राह्यलीय. रोप पिवळं पडंल.”

“अडकवावं लागेल बाबा.”

“मला शिव्या घालतील लई.”

त्या दोघींची आवणी मागे पडली आणि नऊही जणींनी त्याला शिव्या घातल्या. त्यांतल्या तिघींना त्याच आठवड्यात ताप आला, पण तो गावात पसरण्याआधी त्या घरात बसल्या होत्या. हे मला पुढे कळलं. त्या क्षणी मी एवढंच ऐकलं, की मुलीने मला सांगितलं, “सर, तुमचं नाव वगळलंय. मेसेज येईल,” आणि फोन बंद केला. त्याच्याशी एकट्याने बोलायचं राहून गेलं. मी लगेच लावला नाही. त्याला दम लागलाय, असं मी स्वतःला सांगितलं. हे कारण खरं होतं आणि पुरेसं नव्हतं.

मेसेज आला. अध्यक्ष फलक काढायला आले, या वेळी एकटेच, फोटोविना. त्यांनी मला माझ्याच घोषणापत्राची शिक्का मारलेली प्रत दिली, वाटेत कोणी अडवलं तर दाखवायला. हातावरची शाई मात्र राहिली. राख, लिंबू, रॉकेल, सगळं करून पाहिलं.

रविवारी पहाटे निघालो. नारायणगावपर्यंत टोमॅटोच्या गाड्यांखेरीज रस्त्यावर काही नव्हतं. पेठला मुलगी पिशव्या भरून दाराच्या पायरीवर बसली होती. विहीणबाईंनी माझा हात पाहिला आणि एक पाऊल मागे घेतलं. मी त्यांना दोष देत नाही. चहा न घेताच निघालो.

परत येताना हद्दीवर आडवा बांबू होता. रेनकोट घातलेला पोलीस खिडकीशी आला. त्याची नजर थेट स्टिअरिंगवरच्या माझ्या पंजावर गेली.

“शिक्का हाय, आन फिरताय?”

मी कागद दिला. त्याने तो मोठ्याने वाचला. परीक्षेला बसलेला मुलगा वाचतो तसा, एकेक शब्द वेगळा करून. “सदर, व्यक्तीशी, माझा, कोणताही, निकट, संबंध, नाही.” मग त्याने मागे बसलेल्या मुलीकडे, तिच्या पोटाकडे पाहिलं. “ताई, सांभाळून. खड्डे लई हायेत फुडं.” कागद त्याने तिच्याच हातात दिला आणि बांबू वर गेला.

ती कागद वाचत होती. आरशात मला तिचं कपाळ तेवढं दिसत होतं. शाळेच्या सुट्ट्यांत ती त्याच्याकडे आठ-आठ दिवस राहायची. त्याच्या आईच्या पाठीमागे चुलीपाशी बसून नाचणीची भाकरी खायची. नंतर सुट्ट्या आल्या तेव्हा मी तिला काहीतरी कारणं सांगितली होती.

“बाबा, हे काका आहेत ना आपले?”

“हो.”

“आजारी आहेत?”

“हो. आता बरा आहे. म्हणजे होईल.”

“आणि तुम्ही हे लिहून दिलंत.”

“तसं लिहावं लागतं. त्याचा अर्थ तसा नसतो. परिपत्रकात…”

“माहितीय मला,” ती म्हणाली. “माझ्यासाठी लिहिलंत.”

खड्डा आला. मी वेग कमी केला. तिने पोटाखाली हात धरला आणि खड्डा गेल्यावर सोडला.

“त्यांना फोन लावते.”

“आत्ता नको. इथं रेंज नसते.”

तिने मोबाइल उचलून माझ्या खांद्यावरून पुढे धरला. “चार काड्या आहेत, बाबा.”

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. पाठीमागून येणारा टेम्पो हॉर्न वाजवत पुढे निघून गेला.

“लाव,” म्हणालो. “आणि मला दे.”